जाहिरातीत साडेदहा, हातात चौदा: वैयक्तिक कर्जाचा दर नेमका कुठे बदलतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या खासगी कंपनीत नोकरी, तिथे १४ महिने झाले. हातात येणारा पगार ५२,००० रुपये. सिबिल स्कोर ७६८, आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. बहिणीच्या लग्नासाठी ५ लाख रुपये ५ वर्षांच्या मुदतीने हवे आहेत. बँकेच्या जाहिरातीत '१०.५० टक्क्यांपासून' असं होतं. अर्ज केल्यावर १४ टक्के सांगितले, वर २ टक्के प्रोसेसिंग फी आणि १५,००० रुपयांचा विमा. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपने तर १९ टक्के दाखवले. पगार दुसऱ्या बँकेत जमा होतो, दुचाकीचा ४,८०० रुपयांचा हप्ता चालू आहे, क्रेडिट कार्डाच्या ८०,००० च्या मर्यादेपैकी ५५,००० वापरलेले आहेत आणि गेल्या महिन्याभरात चार ठिकाणी अर्ज झालेत. 'स्कोर चांगला असताना हा दर का, बँक फसवते आहे का?'

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. पहिला, साडेदहाचे चौदा का झाले. दुसरा, चौदा म्हणून सांगितलेलं कर्ज तुम्हाला चौदालाच पडणार आहे का. बहुतेक जण पहिल्यावर वाद घालत बसतात आणि दुसऱ्याकडे पाहतही नाहीत. तुमच्या हातात जे आहे ते मुख्यतः दुसऱ्या प्रश्नात आहे, म्हणून त्यावर मी जास्त लिहिणार आहे.

जाहिरातीतला १०.५० हा दर खोटा नसतो. बँकेच्या दरपत्रकातली ती सगळ्यात खालची पायरी असते. पगार त्याच बँकेत, नोकरी सरकारी किंवा बँकेच्या यादीत वरच्या वर्गात बसणाऱ्या कंपनीत, पगार भरघोस, स्कोर आठशेच्या आसपास आणि मागितलेली रक्कम मोठी, असं सगळं एकदम जुळलं की तो दर मिळतो. ब्रिटनमध्ये कर्जाच्या जाहिरातीत जो प्रातिनिधिक दर छापतात, तो त्या जाहिरातीतून येणाऱ्या किमान ५१ टक्के ग्राहकांना मिळेल अशी अपेक्षा असावी लागते. आपल्याकडच्या जाहिरातीवरून मात्र खालचा दर शंभरातल्या किती जणांना मिळतो ते कळत नाही. म्हणून जाहिरातीतल्या आकड्याला तुमच्या दराचा अंदाज समजू नका.

आता दर कसा बनतो ते पाहू. बँकेला ठेवीदारांना व्याज द्यावं लागतं, शाखा आणि माणसं चालवावी लागतात, कर्जाच्या प्रमाणात स्वतःचं भांडवल बाजूला ठेवावं लागतं आणि बुडणाऱ्या कर्जांचा खर्च उरलेल्यांकडून वसूल करावा लागतो. वैयक्तिक कर्जाला तारण नसतं, त्यामुळे हा शेवटचा भाग इथे सगळ्यात जड असतो. भांडवलाचा भागही वाढलेला आहे. १६ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने अशा विनातारण कर्जांचं जोखीम-वजन (भांडवल मोजताना कर्जाची रक्कम किती टक्के धरायची ते प्रमाण) १०० वरून १२५ टक्के केलं. भांडवलाचं किमान प्रमाण ९ टक्के धरलं तर ५ लाखांच्या कर्जामागे पूर्वी ४५,००० रुपये भांडवल लागायचं, ते ५६,२५० झालं.

बुडीत खर्चाचा हिशेब उदाहरणाने लवकर कळेल. समजा एका गटातल्या १०० कर्जदारांपैकी वर्षाला एक थकतो आणि त्याच्या कर्जातले ७० टक्के वसूल होत नाहीत. त्या गटावर बँकेचं नुकसान ०.७ टक्के. दुसऱ्या गटात चार जण थकतात, तर २.८ टक्के. हा २.१ टक्क्यांचा फरक सरळ व्याजदरात जातो. तुम्ही हप्ता चुकवणार आहात असं बँक म्हणत नाही. तुम्ही ज्या गटात बसता त्या गटाचा अनुभव ती तुमच्या दरात धरते. एका प्रामाणिक माणसाला हे खटकणं स्वाभाविक आहे, पण दर ठरवणाऱ्या यंत्रणेला माणूस दिसत नाही, त्याचे रकाने दिसतात.

सिबिल स्कोर हा त्यातला फक्त एक रकाना. स्कोर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि साधारण ७५० च्या वर असला की दार उघडतं. आत गेल्यावर कुठे बसवायचं हे इतर रकाने ठरवतात. प्रत्येक बँकेचं कोष्टक वेगळं असतं आणि ते बाहेर दाखवत नाहीत, त्यामुळे तुमच्या साडेतीन टक्क्यांच्या फरकातला नेमका किती भाग कशामुळे आला हे बाहेरून सांगता येत नाही. पण फाइल पाहताना कोणत्या गोष्टी किती खटकतात, याचा क्रम सांगता येतो.

तुमच्या बाबतीत पहिली गोष्ट म्हणजे कंपनी. प्रत्येक बँक कंपन्यांची वर्गवारी ठेवते: कॅट ए, कॅट बी, कॅट सी, आणि यादीत नसलेल्या. सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम आणि मोठ्या नामांकित कंपन्या वर, छोट्या प्रायव्हेट लिमिटेड खाली, भागीदारी आणि एकट्याच्या मालकीच्या आस्थापना त्याहून खाली. तुमच्याच पगाराचा, तुमच्याच स्कोरचा माणूस मोठ्या वाहन कंपनीत असेल आणि तुम्ही तिला माल पुरवणाऱ्या कंपनीत असाल, तर दरात दोन टक्क्यांचा फरक पडला तरी मला नवल वाटणार नाही. लक्षात ठेवण्याची बाब ही की ही यादी बँकेगणिक बदलते. एका बँकेत यादीबाहेर असलेली कंपनी दुसऱ्या बँकेत कॅट बी असू शकते, विशेषतः जिथे कंपनीच्या बऱ्याच कामगारांची पगारखाती आहेत तिथे. तुमच्या एचआरला एवढंच विचारा: आपल्या कंपनीचा कोणत्या बँकांशी पगारखात्यांचा करार आहे?

दुसरी गोष्ट पगाराचं खातं. ज्या बँकेत पगार येतो तिला तुमची दर महिन्याची आवक-जावक दिसते, महिनाअखेरीस शिल्लक किती राहते, कुठले हप्ते कापले जातात, चेक परत गेलेत का, सगळं. आणि पगार जमा झाल्या झाल्या हप्ता त्याच खात्यातून वळता होतो. परक्या बँकेला यातलं काहीच हातात नसतं, ती फक्त तुम्ही दिलेलं सहा महिन्यांचं स्टेटमेंट वाचते. तुम्ही परक्या बँकेकडे गेलात. पगाराच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये पूर्वमंजूर कर्जाची ऑफर आहे का ते आधी पाहायला हवं होतं. अजूनही पाहा. नुसती ऑफर पाहिल्याने स्कोरवर काही होत नाही. स्वीकारण्याचं बटण मात्र लगेच दाबू नका.

तिसरी, कार्ड. ८०,००० पैकी ५५,००० म्हणजे मर्यादेचा ६९ टक्के वापर. तीस टक्क्यांच्या आत असेल तर कुणी विचारत नाही, पन्नासच्या वर गेला की फाइल पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: महिन्याचं भागत नाही का? इथे मला तुमच्याकडून एक गोष्ट कळायला हवी होती, ती प्रश्नात नाही. हे ५५,००० तुम्ही दर महिन्याला पूर्ण फेडता, की किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलता? पुढे ढकलत असाल तर कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. ५५,००० वर १,९२५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे २,२७० रुपये दर महिन्याला नुसतं व्याज. साडेदहा आणि चौदा यांच्यातला फरक तुमच्या हप्त्यात ८८७ रुपयांचा आहे. म्हणजे असं असेल तर कर्जाच्या दराआधी कार्ड मिटवायला हवं. शिल्लक नसेल तर नव्या कर्जाच्या रकमेतून मिटवा, पण मग कार्ड पुन्हा भरू देऊ नका. नाहीतर दोन्ही ओझी डोक्यावर राहतील.

चौथी गोष्ट महिन्याभरातले चार अर्ज. प्रत्येक अर्जाची चौकशी म्हणून तुमच्या अहवालात स्वतंत्र नोंद होते. एजंटकडे कागद दिले की तो पाच ठिकाणी फाइल लॉगिन करतो, म्हणजे तुमच्या नावाने अर्ज दाखल करतो, तुम्हाला वाटतं एकच अर्ज केला, नोंदी मात्र पाच पडतात. थोड्या दिवसांत बऱ्याच चौकशा दिसल्या की पुढची बँक समजते, बाकीच्यांनी नाकारलं असणार. म्हणून एजंटला आधी सांगा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्या: मला विचारल्याशिवाय कुठेही लॉगिन करू नका.

नोकरीचे १४ महिने ठीक आहेत. बहुतेक ठिकाणी सध्याच्या नोकरीत एक वर्ष आणि एकूण दोन वर्षं पुरतात, पण खालच्या दरासाठी याहून जास्त स्थैर्य लागतं. हप्त्यांचं पगाराशी प्रमाण ही तुमची अडचण नाही. दुचाकीचे ४,८००, कार्डाच्या बाकीचे ५ टक्के म्हणजे २,७५० (बऱ्याच बँका कार्डाची बाकी अशीच धरतात) आणि नवा हप्ता ११,६३४, मिळून १९,१८४. पगाराच्या ३७ टक्के. पन्नासच्या आत आहे, म्हणजे सहसा या कारणाने कर्ज नाकारलं जाणार नाही.

मोबाइल अ‍ॅपने १९ का दाखवले? अ‍ॅप सहसा स्वतः पैसे देत नसतं, मागे एखादी वित्तसंस्था, म्हणजे कर्ज देणारी पण बँक नसलेली कंपनी असते. अशा अनेक संस्थांना बचत खात्यातला स्वस्त पैसा मिळत नाही, त्या बँकांकडून किंवा रोख्यांतून उसने घेतात. वर अ‍ॅपचं कमिशन असतं. काही ठिकाणी अ‍ॅपवाली कंपनी दिलेल्या एकूण कर्जांच्या ५ टक्क्यांपर्यंतचं बुडीत नुकसान भरून देण्याची हमी देते, तिचा मोबदलाही शेवटी तुमच्याच दरातून निघतो. त्यांचा ग्राहकही असा असतो की ज्याला बँकेने उभं केलेलं नाही. तुम्हाला बँक १४ ला देत असताना तिकडे जाण्याचं कारण नाही. तरीही अशा अ‍ॅपवर पाहायचंच असेल, तर १ नोव्हेंबर २०२५ पासूनचा एक नियम उपयोगाचा आहे. अ‍ॅप एकापेक्षा जास्त वित्तसंस्थांशी जोडलेलं असेल, तर तुमच्या मागणीशी जुळणाऱ्या सगळ्या ऑफर त्याला संस्थेचं नाव, रक्कम, मुदत, वार्षिक टक्केवारी दर (शुल्कं धरून पडणारा खरा दर) आणि हप्त्यासह दाखवाव्या लागतात. वर ठसठशीत दाखवलेल्या एकाच ऑफरवर थांबू नका.

आता दुसरा प्रश्न, ज्यात तुमचा खरा पैसा आहे.

५ लाख, ६० हप्ते, १४ टक्के: हप्ता ११,६३४ रुपये. तोच साडेदहाला १०,७४७. पाच वर्षांत फरक सुमारे ५३,२०० रुपये. पण तुमच्या खात्यात ५ लाख येणारच नाहीत. २ टक्के प्रोसेसिंग फी १०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,८००, विमा १५,०००. हातात ४,७३,२००. हप्ता मात्र पूर्ण ५ लाखांचा. या ४,७३,२०० वर दरमहा ११,६३४ भरण्याचा खरा वार्षिक दर येतो १६.५ टक्के. विमा काढून टाकला तर तोच सुमारे १५.१ वर येतो. बँकेशी अर्धा टक्का दर कमी करण्यासाठी चार दिवस घासाघीस करणारा माणूस विम्याच्या खणावर टिकमार्क करून १.४ टक्के सोडून देतो, हे रोज घडतं.

हा दर स्वतः काढता येतो. एक्सेलमध्ये 'रेट' हा फॉर्म्युला घ्या, त्यात हप्त्यांची संख्या, उणे चिन्ह लावून हप्ता आणि प्रत्यक्ष हातात आलेली रक्कम घाला, उत्तराला १२ ने गुणा. मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्येही चालतं. कर्ज जितक्या कमी मुदतीचं, तितकी तीच फी जास्त बोचते. १४ टक्क्यांचं कर्ज एकाच वर्षाचं असेल आणि फी जीएसटीसह २.३६ टक्के असेल, तर खरा दर १८.६ टक्के होतो. त्यामुळे छोट्या मुदतीसाठी फी शून्य असलेलं, पण दर एक टक्क्याने जास्त असलेलं कर्जही स्वस्त पडू शकतं.

विमा सक्तीचा नाही. 'विम्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही' असं सांगितलं तर ते लेखी मागा, बहुतेक वेळा सिस्टिम पुढे जाते. घरात तुमच्यावर अवलंबून माणसं असतील आणि टर्म विमा नसेल, तर विमा घेणं शहाणपणाचं आहे. पण तो स्वतंत्र घ्या, तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त संरक्षण मिळतं. जीवन विमा आधीच गळ्यात पडला असेल तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, तेही लेखी करा.

आणखी तीन ठिकाणी आकडा फुगतो. एक, फ्लॅट दर. '१२ टक्के फ्लॅट' म्हणजे पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत व्याज. तीन वर्षांच्या कर्जाला १२ फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे २१.२ टक्के. बँका वैयक्तिक कर्जाला सहसा घटत्या शिलकीचाच दर सांगतात, पण एजंट, दुकानातली हप्तेबंदी आणि काही छोट्या संस्था अजून फ्लॅट बोलतात. दोन, आगाऊ हप्ता. पहिला हप्ता आधीच कापून घेऊन व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावणं. यावर रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बोट ठेवलं आहे, तसंच पैसे मिळण्याआधीच्या दिवसांचं व्याज लावण्यावरही. तीन, पहिल्या हप्त्याआधीच्या जादा दिवसांचं व्याज. कर्ज ८ तारखेला मिळालं आणि हप्त्याची तारीख पुढच्या महिन्याऐवजी त्याच्या पुढच्या महिन्याची ५ तारीख ठरली, तर मधल्या जादा दिवसांचं व्याज वेगळं कापतात. हे गैर नाही, पण मोठं दिसलं तर हप्त्याची तारीख अलीकडे घ्यायला सांगा.

हे सगळं एका कागदावर पाहायचा तुम्हाला अधिकार आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जाला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' देणं बँकांना आणि वित्तसंस्थांना बंधनकारक आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर असतो, आणि विम्यासारखे बँकेने तिसऱ्यासाठी वसूल केलेले पैसेही त्या दरात धरावे लागतात. परतफेडीचं पूर्ण वेळापत्रक असतं. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी हा कागद किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असतो, म्हणजे 'आजच सही करा, उद्या दर वाढेल' या दबावाला अर्थ नाही. आणि ज्या शुल्काचा त्यात उल्लेख नाही, ते नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तुलना करायची ती या कागदावरच्या वार्षिक टक्केवारी दराची. तोंडी सांगितलेल्या व्याजदराची तुलना करून काही हाती लागत नाही.

वित्तसंस्थेच्या बाबतीत आणखी एक हक्क फारसा कुणी वापरत नाही. वेगवेगळ्या कर्जदारांना वेगवेगळा दर का, जोखमीची वर्गवारी कशी करतो, हे तिला अर्जात आणि मंजुरीपत्रात सांगावं लागतं. 'माझी वर्गवारी कोणती आणि का' हा प्रश्न ईमेलने विचारा. उत्तर गुळगुळीत आलं तरी कधी कधी त्यातून उपयोगाची गोष्ट कळते, उदाहरणार्थ कंपनी यादीत नाही, किंवा पत्त्याची पडताळणी झालेली नाही.

आता तुम्ही काय करावं, तेही क्रमाने. लग्नाला किती दिवस आहेत त्यावर हे अवलंबून आहे. दोन महिने असतील तर थांबा, आणि मधल्या काळात नवा अर्ज कुठेही करू नका.

आधी क्रेडिट अहवाल काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या, चौघींकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो आणि स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोर घसरत नाही. स्कोरच्या आकड्यावर थांबू नका, आत जा. प्रत्येक खात्यापुढे महिन्यागणिक किती दिवस उशीर झाला ते लिहिलेलं असतं. बंद केलेलं कर्ज चालू दिसतंय का, न घेतलेलं कर्ज तुमच्या नावावर आहे का, एखाद्या जुन्या खात्यापुढे 'सेटल्ड' (तडजोडीने कमी पैशांत मिटवलेलं) किंवा 'रिटन ऑफ' (बुडीत धरलेलं) आहे का, ते तपासा. जुन्या कार्डाची पाचशे रुपयांची राहिलेली फी या शेऱ्याखाली पडलेली असते आणि ७६८ चा स्कोर असूनही फाइल खालच्या पायरीवर ढकलली जाते. चूक असेल तर अहवाल देणाऱ्या त्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागेल, असा नियम आहे.

मग कार्डाची बाकी स्टेटमेंट तयार होण्याच्या तारखेआधी २४,००० च्या खाली आणा. देय तारखेआधी भरून उपयोग नाही, कारण अहवालात साधारणपणे स्टेटमेंटच्या दिवसाची बाकी जाते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरा दिवसांनी पाठवावी लागते, त्यामुळे महिन्याभरात फरक दिसायला हरकत नाही.

त्यानंतर पगाराच्या बँकेची ऑफर आणि एचआरने सांगितलेल्या एखाद्या बँकेची ऑफर, एवढ्या दोनच घ्या. आत्ताची १४ ची ऑफर तिसरी. तिन्हींचे कागद समोर ठेवून घासाघीस करा, पण योग्य गोष्टीवर. व्याजदर बदलायला वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि शाखेतल्या माणसाच्या हातात अर्धा-पाऊण टक्का असला तर खूप. प्रोसेसिंग फी कमी करणं किंवा माफ करणं त्याला सोपं असतं, सणासुदीच्या आणि महिनाअखेरीच्या दिवसांत तर जास्तच. विमा नको म्हणा. मुदतपूर्व फेडीचं शुल्क विचारा. या तीन गोष्टींवर बोललात तर बोलणं पुढे सरकतं.

मुदतपूर्व फेडीबद्दल नीट समजून घ्या. तरत्या दराच्या (बाजारातल्या दरासोबत बदलणाऱ्या), घरगुती कारणासाठी घेतलेल्या कर्जाला व्यक्तीकडून हे शुल्क घेता येत नाही, पण वैयक्तिक कर्ज बहुतेक स्थिर दराचं असतं आणि तिथे ते लागतं. स्थिर दराचा आणखी एक परिणाम असा की २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५० वरून ५.५० वर आला, तरी आधी घेतलेल्या स्थिर दराच्या कर्जांचे हप्ते एक रुपयानेही कमी झाले नाहीत. 'आत्ता १४ ला घ्या, वर्षाने दुसरीकडे फिरवा' असा सल्ला मिळतो, त्याचा हिशेब पाहा. १२ हप्त्यांनंतर तुमची बाकी सुमारे ४,२५,७०० असेल. दुसरी बँक ११.५ ला घ्यायला तयार झाली, म्हणजे दर अडीच टक्क्यांनी कमी. हप्ता ११,१०७, दरमहा ५२७ वाचले, ४८ महिन्यांत सुमारे २५,३००. पण जुन्या बँकेचं शुल्क ४ टक्के आणि जीएसटी मिळून २०,१००, नव्या बँकेची दीड टक्का फी जीएसटीसह ७,५००. खर्च २७,६००. अडीच टक्के दर कमी होऊनही तोटा. १२ हप्त्यांनंतर शुल्क शून्य, असं कलम आधीच मिळवलंत तर हाच व्यवहार सुमारे १७,८०० रुपयांनी फायद्याचा होतो. म्हणून पाव टक्का दर सोडून द्यावा लागला तरी हे कलम मागून घ्या.

मुदतीचा मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण तुमच्या प्रकरणात तो दराइतकाच मोठा आहे. १४ टक्क्यांनीच, पण ५ ऐवजी ४ वर्षांचं कर्ज घेतलंत तर हप्ता १३,६६३ होतो आणि एकूण व्याज १,९८,००० वरून १,५५,८०० वर येतं, म्हणजे ४२,००० रुपये वाचतात. तीन वर्षांत १७,०८९ हप्ता आणि व्याज १,१५,२००, पण मग पगाराच्या ४७ टक्के हप्त्यांत जातील आणि लग्नानंतरचं वर्ष ओढाताणीचं होईल. मला चार वर्षं बरी वाटतात. घरभाडं किती आणि घरात दुसरा पगार आहे का, त्यावर तुम्ही ठरवा.

कंपनीत पगारदारांची पतसंस्था असेल तर तिथे नक्की विचारा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार सभासदाने करार करून दिला की मालक पगारातूनच संस्थेचा हप्ता कापून देतो. वसुलीची काळजी कमी, म्हणून सगळ्या सभासदांना सहसा एकच दर असतो, स्कोरची उस्तवार नसते. जामीनदार मात्र लागतात आणि कर्जाच्या काही टक्के रक्कम भागभांडवल म्हणून अडकते, ती खऱ्या दराच्या हिशेबात धरा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत, त्यामुळे वर सांगितलेला कागद तिथे आपोआप मिळणार नाही. शुल्कांची यादी आणि परतफेडीचं वेळापत्रक लेखी मागून घ्या. घरात मुदत ठेव किंवा सोनं असेल तर गरजेतले एक-दोन लाख त्यावर उचलणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. मुदत ठेवीवरचं कर्ज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के वर असतं आणि कंपनी कोणती याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

शेवटी, सही झाल्यावर खात्यात आलेली रक्कम कागदावरच्या रकमेशी त्याच दिवशी ताडून पाहा. न सांगितलेली कपात दिसली तर बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. कर्ज अ‍ॅपवरून घेतलं असेल तर किमान एक दिवसाची फेरविचाराची मुदत असते. त्या वेळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, काही ठिकाणी फक्त वाजवी प्रक्रिया शुल्क ठेवून घेतात, आणि ते किती हे त्याच कागदात आधी लिहिलेलं असावं लागतं.